माझी जळकी उडवी परत दे

सुमन, तुझ्या तेराव्याला अंगणात चपला किती होत्या म्हणून सांगू? मी ओटीवरून मोजायला लागले आणि तुळशीपर्यंत पोचेस्तोवर नाद सोडला. नागावातल्या निम्म्या वाड्या रिकाम्या करून माणसं आली होती. मांडव्याच्या बोटीने मुंबईहून आलेली वेगळीच. माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? माझ्या वेळी याच्या अर्ध्या तरी येतील का. दुसरा, की शी, काय हे. तिसरा, की असलं काही माझ्या मनात आणते ती तूच, अगदी जाऊनसुद्धा.

आणि गेलीस तीही अशी, की कुणालाही हेवा वाटावा. पडवीत सुपारी कातरत बसली होतीस. ‘वैनी, वाईच पानी द्या,’ म्हणालीस. मी तांब्या भरून आणला तोवर आटपलं होतं. अडकित्ता मांडीवर, सुपारी अर्धी. ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाला हाक. माझं असं होणार नाही, मला ठाऊक आहे. मी सहा महिने अंथरुणात पडून सगळ्यांना नाचवीन. घरात एकच सोपं मरण होतं, तेही तू उचललंस.

पण मी लिहायला बसले ते चपलांमुळे नव्हे. पंगत बसली होती, मी लाडू वाढत होते, आणि शेजारच्या वाडीतली सुलभा आपल्या सुनेला सांगत होती, “आमची उडवीवाली काकू गेली गं.” माझ्या हातातला लाडू थेट तिच्या आमटीत पडला. हल्लीच्या सुनांना उडवी म्हणजे पेंढ्याची रचलेली रास, हेसुद्धा फोड करून सांगावं लागतं. उडवीवाली काकू कोण, हे मात्र त्यांना पाठ.

त्या उडवीला काडी मी लावली होती. तुला माहीत, मला माहीत. तिसरं कुणी नाही. आता तू नाहीस, म्हणजे मी एकटीच.

आपलं नातंच मुळात उलटं बसलेलं. वयाने तू दोन वर्षांनी मोठी, आणि घरात थोरली जाऊ मी, कारण माझं लग्न थोरल्याशी आधी झालं. त्यामुळे तू मला ‘वैनी’ आणि ‘तुम्ही’, आणि मी तुला ‘सुमन, इकडे ये’. त्या ‘तुम्ही’चा मला त्या वयात केवढा माज होता. मी अलिबागची, जुनी अकरावी पास, वडील कोर्टात कारकून. तू रोह्याकडची, शेतातून उठून बोहल्यावर उभी राहिलेली. मी या घरात आले ती ट्रंकेत भूगोलाचं पुस्तक घेऊन. कशाला आणलं होतं देव जाणे. नांगरटीच्या दिवसांत मी बांधावर बसून बैलांना व्यापारी वारे समजावून सांगितले असते, अशी ती बाई होती. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या कडेने जाईन.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. राब भाजायचे दिवस. रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या, वरून माती, सगळं आपण दोघींनी आठवडाभर डोक्यावरून वाहून पसरलेलं. राब पेटवायचा तो वारा जिकडे चाललाय त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश मागे सरकते आणि माती भाजून निघते. दुसरीकडून लावली की ती पळत सुटते. एवढं मलाही आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, सांगून ठेवलं होतं. प्रश्न इतकाच होता, की वारा चाललाय कुठे.

तू वाकलीस, सुकं गवत चुरलंस आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडलंस. भुसा समुद्राच्या बाजूला गेला. “वैनी, मतलई हाय. डोंगराकडनं येतोय. आधी उडवीकडचा बांध भिजवू, मंग त्याच टोकाला काडी लावू.”

उडवी पश्चिमेला होती, समुद्राच्या बाजूला, वीस-पंचवीस पावलांवर. बैलांचा पावसाळ्याचा सगळा पेंढा तीत होता.

मी वाकले नाही. मी मान वर केली. बांधावरच्या माडाच्या झावळ्या सगळ्या दक्षिणेला झुकलेल्या. “वारा उत्तरेचा आहे सुमन. वर बघ. वाऱ्याची दिशा उंचावर बघतात. वातकुक्कुट घराच्या कौलांवर असतो, उंबऱ्यात नसतो.”

हे वाक्य मी खरंच बोलले. हात कमरेवर ठेवून.

“वर उत्तरेचाच हाय,” तू म्हणालीस. “पन आग वर न्हाय लावायची आपल्याला.”

“खाली वारा अडतो, म्हणून फसवा असतो. पुस्तकात आहे.”

पुस्तकात नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं. बांध भिजवायला तू कळशी घेतलीस, तर तीही मी खाली ठेवायला लावली, कारण माझ्या वाऱ्याप्रमाणे उडवीला धोकाच नव्हता. दक्षिणेच्या कडेला जाऊन मी काडी ओढली. आग दोन क्षण माझ्याकडे बघत बसली असेल. मग ती कड धरून पश्चिमेला अशी धावली, की तुझी ओरड संपायच्या आत बांध ओलांडून गेली होती. आपण दोघींनी ओली पोती आपटली, तुझ्या हाताला फोड आले. उडवी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. वरची झावळी मात्र शेवटपर्यंत दक्षिणेलाच झुकून राहिली, माझी बाजू घेतल्यासारखी.

आत्याबाई येताना दिसल्या, पदर खोचलेला, चालणं मला ओळखीचं. आणि मी काय केलं ते लिहिते, कारण आजवर मी ते कुणापुढे उच्चारलेलं नाही. काड्यापेटी माझ्या मुठीत होती. ती मी तुझ्या फोड आलेल्या हातात कोंबली.

“कोनी लावली काडी?”

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. “मी लावली, आत्याबाई.”

पुढच्या महिन्यांत काय झालं ते तू कधी बोलली नाहीस, म्हणून मला बोलायला हवं. तुझा भाऊ रोह्याकडून बैलगाडी भरून पेंढा घेऊन आला. बहिणीने जाळलं, भावाने भरलं. आत्याबाईंनी त्याला ओटीवर बसवलं, आत बोलावलं नाही. तू त्याला पाणी दिलंस. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. खिडकीच्या गजातून त्याची पाठ दिसत होती. तो उठून गेला तेव्हा आधण आटून भांडं करपलं होतं, आणि तेसुद्धा मी राखेने घासून ठेवलं, कुणाला कळू नये म्हणून.

मग आत्याबाईंनी शिक्षा काढली. ‘जिनं जाळली तिनंच शिकावं.’ दर वर्षी राब तूच भाजायचास. आणि तू शिकलीस, मेहनतीने शिकलीस. गवत चुरायचं, नारळाची सोडणं घमेल्यात धुमसवून धूर बघायचा, तो गुडघ्याशी कुठे जातो, कमरेशी कुठे, पोफळीच्या शेंड्याशी कुठे वळतो. दहा वर्षांत अशी वेळ आली की माणसं सकाळी कुंपणापाशी येऊन विचारायची, “काकू, आज भाजू का?” तू वाकायचीस आणि सांगायचीस, “थांबा वाईच, वरचा अजून खाली आला न्हाय.” होड्या घेऊन जाणारेसुद्धा विचारून जायचे. नाव पडलं उडवीवाली, आधी टोमण्याने, मग सवयीने, मग चक्क मानाने. चूक मी केली आणि शहाणपण तुला आलं. हा कुठला न्याय?

मी तुझा हेवा करत आले तो काही एका धुरापुरता नाही. तुझी फणसाची सांदणं खाऊन लोक बोटं चाटायचे, तर कृती माझी आहे असं मी चार घरी सांगून ठेवलं. तुझ्या हातचा मोगरा जगायचा, तर माती मी दिली म्हणून सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे मला चांगलीच बाधली आहे.

मग मनू. माझी नात, माझ्या मुलाची मुलगी, माझ्या नाकाची. पुण्यात पवनचक्क्यांच्या कामात आहे. ती मला नुसतं ‘आजी’ म्हणते, आणि तुला ‘सुमनआजी’. नाव तुला, मला हुद्दा. परवाच्या थंडीत ती एक पांढरा डबा घेऊन आली, बर्फाच्या पेटीएवढा. तो आपल्या शेतात ठेवला. तो म्हणे आकाशात उजेडाची तिरीप सोडतो आणि कुठल्या उंचीवर वारा कुठून कुठे चाललाय ते मोजतो. किनाऱ्यावरचे वारे तिला हवे होते. पहिल्या सकाळी ती डब्यापाशी बसली, तर शेजारी तू घमेलं घेऊन हजर.

“आज खाली मतलई,” तू म्हणालीस. “माडाच्या वर उत्तर. त्याच्याबी वर काय ते तुजा डबा सांगंल.”

मनूने लॅपटॉपात बघितलं, तुझ्याकडे बघितलं, परत लॅपटॉपात बघितलं. “सुमनआजी, तुला कसं कळलं?”

“धूर सांगतो. तो खोटं बोलाय शिकला न्हाय अजून.”

त्या दिवसापासून पोरगी सकाळचा चहा तुझ्याकडे प्यायला लागली. मी आल्याचा करत होते, वेलचीचा करत होते, तरी.

मग मी काय केलं ते आठवून तू हसून हसून पोट धरलं होतंस. माझी हिरवी साडी फाडून पट्ट्या केल्या आणि नारळ काढायला आलेल्याला बाबापुता करून एका माडावर वेगवेगळ्या उंचीला बांधून घेतल्या. म्हटलं, घे तुझा धूर, आता बघ माझं यंत्र. वाऱ्याने सगळ्या पट्ट्या झावळ्यांत गुंतवून टाकल्या. सकाळी झाडाला हिरवी कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. मनू म्हणाली, “हे सुमनआजीने केलं?” आणि तू लगेच, “न्हाय गं, हे वैनींचं डोकं. लई झाक हाय.” तू नुसती गप्प बसली असतीस तर मी तुला माफ केलं असतं. पण तू मोठेपणा केलास.

त्याच संध्याकाळी मनूने आपल्याला समजावलं. पडवीत बसून, तुझ्या पोफळी मोजायच्या खडूने फरशीवर चित्र काढून. आधीच्या पवनचक्क्या बुटक्या होत्या, म्हणाली. सगळं चक्र एकाच वाऱ्यात फिरायचं. आता माडावर माड रचावेत तरी पुरणार नाहीत एवढ्या उंच. चक्राचं वरचं टोक एका वाऱ्यात आणि खालचं दुसऱ्यात, आणि दोन्ही वारे वेगवेगळ्या दिशांचे.

“आनि तोंड?” तू विचारलंस.

“तोंड एकच, सुमनआजी. पवनचक्की एका वेळी एकाच दिशेला तोंड करू शकते.”

“मंग ती आयकते कोनाचं?”

“मधल्या वाऱ्याचं. तिच्या डोक्यावर वातकुक्कुटासारखं यंत्र असतं. ते जे सांगेल तिकडे ती सगळं तोंड फिरवते. खाली काय चाललंय, अगदी वर काय चाललंय, त्याला पत्ता नसतो.”

वातकुक्कुट. मी फरशीवरचा खडू बघत राहिले. इतकी वर्षं शिकून, एवढाली यंत्रं उभी करून, ती सगळी माझ्यासारखीच जुनी अकरावी पास. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि पानाचा डबा पुढे ओढलास. टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं.

मनू सांगत होती, की त्यामुळे पातं वर जाताना वाऱ्याचा एक मार खातं आणि खाली येताना दुसरा. दर फेरीला, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. वीज कधी थोडी कमी मिळते ते वेगळं, पण पातं मुळाशी थकत जातं. तू म्हणालीस, “दोन सासवांच्या मधल्या सुनेवानी.” हे मलाही सुचलं होतं. मी फक्त तोंडातला घास गिळत होते, तेवढ्यात तू बोललीस. मनूने ते वहीत लिहून घेतलं, तुझ्या नावाने.

आणखी एक सांगितलं तिने. पवनचक्कीच्या मागे वाऱ्याची सावली पडते. पुढचीने वारा खाल्ला की मागचीला उरतो तो मंद आणि खवळलेला. आणि वारा उंचीबरोबर वळत असेल तर ही सावली सरळ मागे न पडता पिळवटून तिरकी होते, जिथे नको तिथे जाते. तुला ती ‘वाऱ्याची सावली’ फार आवडली. मला आवडली नाही. मला वाटलं, माझंच वर्णन चाललंय. तुझ्या मागे उभी राहून मी आयुष्यभर तुझा उरलेला वारा खाल्ला. घरात थोरली मी, आणि सावली तुझी.

आता त्या दिवसाचं. अलिबागला कॉलेजच्या सभागृहात मनूचं व्याख्यान होतं. आपण दोघी पुढच्या रांगेत, तू निळ्या साडीत, मी माझ्या ठेवणीतल्या साडीत. पडद्यावर डावीकडे माड, उजवीकडे पवनचक्की. आणि तू चहावर तिला सांगितलं होतंस तसंच मनू म्हणाली, “माझ्या सुमनआजीने एकदा माडाचा शेंडा बघून राब पेटवला, आणि घरची उडवी जाळली. आमची यंत्रं आज नेमकी हीच चूक करतात.” सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस. मग ती म्हणाली, की त्या चुकीनंतर सुमनआजी खाली वाकून वारा वाचायला शिकली, आणि आम्हीही आता खालपासून वरपर्यंतचे सगळे वारे मोजून मगच पवनचक्कीचं तोंड ठरवायला शिकतोय. तुला उभं केलं. टाळ्या. तू पदर सावरून नमस्कार केलास.

मला लाज वाटायला हवी होती. माझ्या चुकीवर लोक तुला हसत होते. कुठल्याही बऱ्या बाईला वाटली असती. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ती चूक माझी आहे. त्या टाळ्या माझ्या आहेत. एवढी मोठी, कामाची, पडद्यावर दाखवण्याजोगी चूक मी आयुष्यात एकच केली, आणि तीही हिच्या नावावर गेली.

परतताना सहा आसनी रिक्षात आपण मागे दाटून बसलो होतो. मी दोन गावं मागे पडू दिली. मग म्हटलं, “तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू?”

“की ती मी नव्हे म्हणून.”

“मला तर लई बरं वाटलं. कोन टाळ्या वाजवतं आपल्यासाठी?”

“चूक माझी होती, सुमन.”

“व्हय, तुमचीच व्हती. पन एका सकाळची. सांभाळली मी अठ्ठेचाळीस वरसं. न्हाऊमाखू घातलं, मोठी केली. आता तिला बरे दिवस आले, तर मागता व्हय?”

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी आवाज खाली घेतला. “मनूला सांग.”

“सांगते की. पन असं फुकट न्हाय. औंदाचा राब तुम्ही भाजा. खाली वाकून, वारा बघून. उडवी शाबूत ऱ्हायली तर मीच मनूला हाक मारून सांगते, की बाय, ती काडी माझी नव्हती.”

“आणि जळली तर?”

“तर तीबी माझ्याच नावावर घाला. सवय हाय मला.”

मला त्या वेळी तुझ्या भावाच्या चहाचं बोलायचं होतं. काड्यापेटीचं बोलायचं होतं. नागावचा फाटा आला, तू सुटे पैसे शोधायला लागलीस, आणि राहिलं. म्हटलं, राबाच्या दिवशी बोलू, तेव्हा दोघी एकट्याच असतो. राबाला महिना होता. तू तेवढंही थांबली नाहीस.

तुझ्या तेराव्याला तुझा भाचा आला होता, त्या भावाचा मुलगा. पाठ अगदी बापाची. ओटीवर बसायला लागला तर मी दंड धरून आत नेलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि समोर बसून चहा पाजला. दोनदा. तिसऱ्यांदा ओतायला गेले तेव्हा तो म्हणाला, “पुरे काकू, जेवण व्हायचंय अजून.” काय चाललंय ते त्याला कळलं नाही. तुला कळलं असतं, आणि तू डोळे फिरवले असतेस.

दुसऱ्या दिवशी मी मनूला मागीलदारी बोलावलं आणि सगळं सांगितलं. वातकुक्कुट, दक्षिणेची कड, काड्यापेटी, सगळं. मला वाटलं, पोरगी रागावेल, बोलणं टाकेल. मी तयारी करून बसले होते. तिने ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली, “आजी, आता सुमनआजीची उडवीसुद्धा तुलाच हवी?”

“अगं, खरंच माझी आहे.”

“सांदणांची कृतीपण तुझीच होती ना?”

सुलभा धुणं वाळत घालत होती. तिने कुंपणावरून मान काढली. “काकू, जाऊ गेल्याचा धक्का असतो. होतं असं. माझ्या आत्येचं झालं होतं.”

बघितलंस? आयुष्यभर तुझं जे माझं नव्हतं ते माझं म्हणून सांगत आले, आणि जे एक माझं होतं ते सांगितलं तर कुणी घेईना. साक्षीला एकच माणूस होतं, आणि त्याच्या तेराव्याचे लाडू मीच वाढले. मनू दुपारच्या बोटीने मुंबईला आणि तिथून पुण्याला गेली. जाताना मला जवळ घेऊन म्हणाली, “तुझी एक चूक शोधून ठेव, आजी. पुढच्या व्याख्यानात घालीन.”

आज सकाळी राब भाजला.

आता तुकडा तो केवढा, आणि उडवी माझ्या खांद्याएवढी, एका गाईपुरती. तरी बोललेलं बोललेलं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी बांधाला धरून खाली बसलेच. गवत चुरलं, सोडलं. समुद्राकडे गेलं. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. सवय. झावळ्या दक्षिणेला झुकल्या होत्या, तशाच, निर्लज्ज. त्यांचंही खोटं नव्हतं गं. त्या त्यांच्या वाऱ्यात खऱ्या होत्या. मी फक्त त्यांच्या वाऱ्यात उभी नव्हते, एवढं कळायला मला एवढं आयुष्य आणि एक पांढरा डबा लागला.

उडवीकडचा बांध मी कळशीने दोनदा भिजवला. तिसऱ्यांदा तुझ्या वाटणीचा. पश्चिमेच्या टोकाला काडी लावली. आग वाऱ्याच्या तोंडावर, अनिच्छेने, मागे मागे सरकत गेली, एखाद्या नव्या सुनेला पुढे ढकलावं तशी. धूर आधी जमिनीलगत समुद्राकडे गेला, मग माडाच्या वर पोचला आणि तिथे दक्षिणेला वळला. एकाच धुरात दोन्ही वारे दिसत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

माती छान भाजली. उडवी शाबूत आहे, एक काडीसुद्धा काळी नाही. बघायला कुणी नव्हतं. सुलभाही नेमकी अलिबागला गेलेली.

तेव्हा ऐक. ठरल्याप्रमाणे माझ्या वाटणीचं मी केलं. तुझ्या वाटणीचं तू केलं नाहीस. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी तुझ्यापुढे आहे, सुमन, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.